दुसऱ्यांच्या नावाने वावरलेला आजार

राजूरला चेहऱ्यावर धूळ बसते ती दोन रंगांची. खदानीतून वर येणाऱ्याच्या तोंडावर काळी, चुनाभट्टीवर राबणाऱ्याच्या भुवयांवर पांढरी. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वणी तालुक्यातले हे गाव कोळशावर आणि चुन्यावर वाढले. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स उभी राहिली. गावाच्या बोलण्यात मात्र कंपनी आली ती ‘कॉलरी’ म्हणूनच.

अशा गावात डोळा सुजणे ही काही बातमी नसते. कण गेला असेल, रांजणवाडी आली असेल, गांधीलमाशी चावली असेल, दाढेचा ठणका वर चढला असेल. नाकातून रक्त आले तर उन्हाने घोळणा फुटला, असे म्हणून कांदा फोडून हुंगायला देतात. नाकात खपल्या धरल्या तर दोष धुळीचा. कान वाहू लागला तर सर्दी कानात उतरली. यातली प्रत्येक गोष्ट शंभरातल्या नव्याण्णव वेळा खरीही असते. हा लेख उरलेल्या एका वेळेविषयी आहे. त्या वेळी डोळा, नाक, कान, छाती आणि मूत्रपिंड यांची दुखणी वेगवेगळी नसतात. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटलेली असते. वैद्यकात याला रक्तवाहिनीदाह म्हणतात, डॉक्टर मंडळींच्या बोलण्यात ‘व्हॅस्क्युलायटिस’. त्याच्या ज्या प्रकारात डोळ्याची खोबण भरून येते आणि चेहरा सुजतो, त्या प्रकाराचा इतिहास म्हणजे चुकीच्या नावांची एक लांबलचक यादी आहे. त्यातले पहिले नाव राजूरपासून फार दूर नाही.

नदीपलीकडचे नाव

वणीहून वरोऱ्याकडे निघाले की वाटेत पाटाळ्याला वर्धा नदीचा पूल लागतो. नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. वरोऱ्यालाही एके काळी कोळशाची खाण होती, ती १९०६ साली बंद पडली. आज वरोरा ओळखला जातो तो आनंदवनासाठी. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये आनंदवन उभे राहिले. त्याआधी वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले होते. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले ते १९३९च्या सुमारास. गांधीजी त्यांच्या जखमा स्वतःच्या हाताने धूत, अंगाला मालीश करत.

वऱ्हाड आणि वर्धेच्या या पट्ट्याने कुष्ठरोग जवळून पाहिला. त्यामुळे बसलेले नाक दिसले की मनात एकच शब्द येई: महारोग. शहरातल्या डॉक्टरच्या मनात आणखी एक येई: गरमी, म्हणजे सिफिलिस. दोन्ही आजारांत नाकाचा आधार आतून खचतो आणि मधला भाग घोड्याच्या खोगिरासारखा खाली बसतो. पण याच रीतीने नाक बसवणारा तिसरा एक आजार होता. त्याला तोवर नावच नव्हते, आणि नाव नसलेल्या आजाराला आजूबाजूच्या नावांपैकी एखादे चिकटते. ते नाव मग रोग्याचे घर, पंगत आणि पाणवठा ठरवते. या तिसऱ्या आजाराचे रोगी आपल्याकडे कोणत्या नावांखाली जगले आणि गेले, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. नाव नसलेल्याची नोंद होत नसते. नोंद झाली ती युरोपात, आणि योगायोग असा की ज्या सालांत दत्तपूर आणि सेवाग्राम घडत होते, त्याच सालांत.

रोगी झालेला डॉक्टर

रक्तवाहिन्यांना सूज येऊन माणूस मरू शकतो, हे १८६६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउल आणि रुडोल्फ मायर यांनी दाखवून दिले होते. त्यांचा रोगी २७ वर्षांचा शिंपी. त्याच्या धमन्यांवर जागोजाग गाठी आल्या होत्या. १८९७ मध्ये स्कॉटलंडच्या पीटर मॅकब्राइड या कान-नाक-घशाच्या डॉक्टराने नाक आणि चेहरा झपाट्याने झडत गेलेल्या एका रोग्याची छायाचित्रे छापली. कारण त्याला सांगता आले नाही, पण चेहऱ्याची नोंद राहिली.

त्यानंतर १९३१. हाइन्झ क्लिंगर या तरुण जर्मन डॉक्टराने एका विचित्र रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. रोगी सत्तर वर्षांचा, आणि स्वतः डॉक्टर. सांधे धरलेले, अंगात कसकस, नाकाच्या आणि घशाच्या वाटा सुजलेल्या, नाक खोगिरासारखे बसलेले, आणि डोळा खोबणीतून पुढे आलेला. पुढे फुप्फुसे बिघडली, मूत्रपिंडे बिघडली. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी ओळखणाऱ्या माणसाचे दुखणे त्याच्या हयातीत कुणाला ओळखता आले नाही. आज या आजाराची ही पहिली पूर्ण नोंद मानली जाते, आणि तिच्यात डोळ्याची सूज पहिल्यापासून आहे.

१९३४ मध्ये ब्रेस्लाउ शहरात फ्रीडरिश व्हेगेनर नावाच्या २७ वर्षांच्या शवचिकित्सकापुढे ३८ वर्षांच्या एका पुरुषाचा देह आला. नाक बसलेले, ताप अंगात घेऊन गेलेला. व्हेगेनरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजून झडलेल्या होत्या आणि भोवती पेशींचे गोळे जमले होते. असेच चित्र त्याला पुढे ३६ आणि ३३ वर्षांच्या दोन स्त्रियांत दिसले. १९३६ साली त्याने हे तीन देह जर्मन रोगनिदानतज्ज्ञांच्या सभेत मांडले आणि १९३९ मध्ये सविस्तर लेख लिहिला. १९३६चे त्याचे शीर्षक या आजाराला जंतुदोषाच्या घरात बसवणारे होते. तीन वर्षांनी त्याने शब्द बदलले: नाकापासून सुरू होणारा, धमन्या आणि मूत्रपिंडांना धरणारा वेगळ्या जातीचा गाठीचा आजार. आजाराला पहिल्यांदाच स्वतःचे वर्णन मिळाले.

१९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या गेब्रिएल गॉडमन आणि जेकब चुर्ग यांनी तीन खुणा निश्चित केल्या: श्वसनमार्गातल्या गाठी, रक्तवाहिन्यांचा दाह, मूत्रपिंडांचा दाह. तोवर डॉक्टरी जगात आजार ‘व्हेगेनरचा’ झाला होता.

खोबणीतली गर्दी

हा आजार डोळ्याच्या खोबणीतच का शिरतो, हे समजायला चेहऱ्याच्या आतले घर पाहावे लागते. खोबण म्हणजे हाडांचा एक डबा, फक्त पुढून उघडा. त्यात बुबुळाचा गोळा, त्याला फिरवणारे स्नायू, चरबी, नसा आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची दोरी एवढे सगळे कोंबून बसलेले असते. नाकाच्या बाजूची या डब्याची भिंत इतकी पातळ की शरीरशास्त्राने तिला लॅटिनमध्ये कागदाचेच नाव दिले. त्या कागदापलीकडे सायनसच्या पोकळ्या. नाकात आणि सायनसमध्ये पेटलेला दाह हा कागद ओलांडून खोबणीत उतरतो. कधी खोबणीतल्या रक्तवाहिन्या स्वतंत्रपणेही पेटतात.

पेटतात म्हणजे काय? पांढऱ्या पेशींची एक जात जंतू खाण्यासाठी असते. या आजारात शरीर त्याच पेशींच्या आतल्या एका प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडीज तयार करते. त्यामुळे पेशी भलत्याच वेळी चेकाळतात आणि बारीक वाहिन्यांच्या भिंतीला चिकटून आपला दारूगोळा तिथेच फोडतात. भिंत सुजते, आतली वाट अरुंद होते, पलीकडच्या मांसाला रक्त मिळत नाही. भोवती गाठी धरतात. डबा हाडाचा असल्याने गर्दीला पसरायला एकच दिशा उरते, पुढची. डोळा बाहेर ढकलला जातो, पापण्या टरटरून सुजतात, गाल भरून येतो, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. दृष्टीची दोरी दाबली गेली तर नजर कायमची जाते. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी १५८ रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून १९९२ मध्ये हिशेब मांडला. त्यात निम्म्याहून किंचित जास्त रुग्णांच्या डोळ्यांना आजाराच्या वाटचालीत कधी ना कधी त्रास झाला होता, आणि सुमारे १५ टक्क्यांत डोळा पुढे आला होता.

विषारी वायूचे वंशज

ओळख पटली तरी उपचार नव्हता. १९५८ मध्ये वॉल्टन या इंग्रज डॉक्टराने ५६ रुग्णांची गोळाबेरीज केली. निदानानंतर सरासरी आयुष्य पाच महिने, वर्षाच्या आत ८२ टक्के मृत्यू. १९४९ मध्ये फिलिप हेंच यांच्या कॉर्टिसोनने सांधेदुखीने खिळलेली माणसे उठून चालू लागली होती आणि पुढच्याच वर्षी हेंचना नोबेल मिळाले होते. त्या कुळातल्या स्टिरॉइड गोळ्यांनी डोळ्याची सूज उतरे, ताप जाई, नातेवाईक सुटकेचा निश्वास टाकत. मूत्रपिंडे मात्र आतून संपत राहत. पाच महिन्यांचे फार तर वर्ष होई.

खरे औषध आले ते रणांगणावरून. पहिल्या महायुद्धात मोहरीच्या वासाचा म्हणून ‘मस्टर्ड’ म्हटला गेलेला विषारी वायू सैनिकांच्या फुप्फुसांबरोबर त्यांच्या पांढऱ्या पेशींचाही फडशा पाडतो, हे लक्षात आले होते. १९४०च्या दशकात त्याच्याच नात्यातली रसायने कर्करोगावर वापरली गेली, आणि १९५०च्या दशकात जर्मनीत त्या घराण्यातले सायक्लोफॉस्फामाइड तयार झाले. बहकलेल्या पेशींना आवरायला हे हत्यार चालेल का, असा प्रश्न अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी घेतला: शेल्डन वुल्फ आणि अँथनी फाउची. होय, करोनाच्या काळात आपण टीव्हीवर रोज पाहिलेले तेच फाउची. १९७३ मध्ये त्यांनी १८ रुग्णांची, १९८३ मध्ये ८५ रुग्णांची हकीकत छापली. ८५ पैकी ९३ टक्क्यांचा आजार पूर्ण आटोक्यात आला. वॉल्टनचे कोष्टक आणि हे कोष्टक यांत फक्त २५ वर्षांचे अंतर आहे.

किंमत मोजावी लागलीच. मूत्राशयातून रक्त, पुढे कर्करोगाचा धोका, वंध्यत्व. म्हणून सौम्य वाटेचा शोध चालू राहिला. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात काही मूत्रपिंडरोग्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीज सापडल्या. १९८५ मध्ये व्हॅन डर वूड आणि त्यांच्या डच व डॅनिश सहकाऱ्यांनी त्यांचा या आजाराशी संबंध दाखवला. ‘अँका’ नावाची रक्तचाचणी इथून आली. २०१० मध्ये रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन सायक्लोफॉस्फामाइडच्या तोडीस तोड ठरले. त्याची स्वस्त देशी आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने २००७ सालीच बाजारात आणली होती, ती कर्करोगासाठी.

नाव काढून घेतले

आजाराला नाव देणारा माणूस कोण होता, हे जगाने उशिरा विचारले. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने व्हेगेनरचा सन्मान केला, १९९० मध्ये तो वारला. त्यानंतर काही डॉक्टर त्याचे चरित्र लिहायला बसले आणि कागद वेगळेच बोलू लागले. हिटलर सत्तेवर येण्याआधीच, १९३२ मध्ये, तो नाझींच्या तपकिरी गणवेशधारी दलात दाखल झाला होता. पक्षाचे सभासदत्व १९३३चे. युद्धकाळात तो पोलंडमधल्या वुच शहरात शवचिकित्सक होता. नाझींनी तिथे दीड लाखाहून अधिक ज्यूंना एका वस्तीत कोंडले होते आणि ती वस्ती त्याच्या कचेरीपासून काही गल्ल्यांवर होती. त्याच्यावर कोणताही गुन्हा शाबीत झाला नाही. पण अमेरिकन संस्थेने २००० साली सन्मान मागे घेतला. २०११ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञसंस्थांनी मिळून आजाराचे नावच बदलले: ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस, थोडक्यात जीपीए. उच्चारायला अवघड, पण आजाराने आत काय केले ते सांगणारे.

आपल्याला हे परके वाटू नये. ‘महारोगी’ हा शब्द मागे सारून आपण ‘कुष्ठरोगी’ म्हणायला लागलो, तेही याच जाणिवेतून. आजाराचे नाव रोग्याला वाहावे लागते. ते किती जड असावे याचा विचार केलाच पाहिजे.

मे २०२१

विदर्भाने सुजलेल्या डोळ्याची खरी दहशत अनुभवली ती करोनाच्या दुसऱ्या लाटेत. बरे होऊन घरी आलेल्या माणसाचा गाल दुखू लागे, पापणी सुजे, डोळा पुढे येई, टाळू काळी पडे. म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’. मधुमेह आणि स्टिरॉइडचा मारा या दोन वाटांनी ती आली. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना तिची नोंद सक्तीची करायला सांगितले. ॲम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी नातेवाईक नागपूरभर फिरत होते. त्याच महिन्यात वर्ध्यातल्या एका औषध कंपनीने ते बनवायला घेतले. अनेकांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला.

ही बुरशीही रक्तवाहिन्यांतच घुसते. ती भिंत फोडून आत गुठळी धरवते आणि पलीकडचे मांस काळे पडते. म्हणजे बाहेरून दिसणारा चेहरा तोच, सुजलेला आणि डोळा पुढे आलेला. आतला बिघाडही त्याच वाहिन्यांत. पण औषधे एकमेकांची वैरी. वाहिनीदाहात स्टिरॉइडने संरक्षक यंत्रणेला दाबावे लागते. बुरशीत तेच स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल. २०२१ने आपल्याला शिकवलेला धडा असा की सुजलेल्या डोळ्यावर अंदाजाने औषध देता येत नाही. आतला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो. व्हेगेनर मृतदेहावर जे करत होता, ते जिवंत माणसावर वेळेत करणे म्हणजे बायोप्सी.

भारतात आणखी एक नाव आड येते, क्षयाचे. या आजारात फुप्फुसांत गाठी होतात, त्यांना पोकळ्या पडतात, खोकल्यातून रक्त येते, वजन उतरते. क्ष-किरणाची फिल्म पाहून कुणालाही टीबीच आठवेल, आणि आपल्या देशात आठवलाच पाहिजे. चूक तिथे नाही. थुंकीत जंतू नसताना, गोळ्या महिनोन्‌महिने चालू असताना, आणि नाकात खपल्या व डोळ्यावर सूज असतानाही तेच नाव धरून बसणे ही चूक.

मग राजूरची धूळ? दगड फोडताना आणि खाणीत भोके पाडताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीत काम केलेल्यांत या जातीचे वाहिनीदाह जास्त आढळतात, असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून धुळीतल्या प्रत्येकाला हा आजार होतो असे नाही. तो दुर्मीळच आहे. पण ज्याची हयात धुळीत गेली, त्याच्या नाकातल्या खपल्यांचा दोष धुळीवर टाकून मोकळे होणेही बरे नाही.

बाटलीभर उत्तर

वणीपासून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभरावर किलोमीटर दूर. ते १९८९ साली सुरू झाले. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरचे १९४७चे. सीटी स्कॅन, अँका, बायोप्सी आणि रिटुक्सिमॅबसाठी तिकडे जावेच लागते. पण वाटेला कधी लागायचे, हे गावातच ठरते.

त्यासाठी त्या १५८ रुग्णांच्या हिशेबातले आणखी दोन आकडे उपयोगी आहेत. आजाराच्या सुरुवातीला मूत्रपिंडाचा दाह होता फक्त १८ टक्क्यांना. शेवटी तो ७७ टक्क्यांना झाला. म्हणजे नाक, कान, डोळा आधी ओरडतात आणि मूत्रपिंडे मागाहून, आवाज न करता जातात. दुखत नाही, लघवीचा रंगही बदललेला दिसत नाही. तिच्यात रक्त आणि प्रथिने उतरू लागलेली असतात, एवढेच. ती ओळखणारी कागदी पट्टी लहानशा दवाखान्यातही असते आणि काही रुपयांत काम भागते. एकदा पाहून चालत नाही. सूज टिकली तर पुन्हा पाहावी लागते.

सुजलेला डोळा घेऊन आलेल्या माणसाच्या हातात लघवीची बाटली दिली तर तो चक्रावून बघेल. डोळ्याचे दुखणे अन् हे काय, असे विचारीलही. १९३१ सालचा तो सत्तर वर्षांचा डॉक्टर यावर हसला नसता.